एकदा रेस झाली की

दिपेशने जीप घेतल्याची बातमी हेमांगीला पुंडलिककाकांनी दिली. पुंडलिककाका त्यांच्या बोईसरच्या सोसायटीचे सेक्रेटरी. कुठल्याही घरातली गोष्ट त्या घराच्या आधी आपल्याला कळली पाहिजे, अशी त्यांची त्या पदाविषयी साधी समजूत. चौथ्या मजल्यावर चढून त्यांनी बेल वाजवली, आत यायला नकार दिला आणि खाली तुमच्या मिस्टरांनी जे काही आणलंय ते वाहन आहे की भंगार एवढं कळवा, म्हणजे त्याप्रमाणे जागा ठरवता येईल, असं सांगून ते धापा टाकत परत गेले.

हेमांगी स्वराला कडेवर घेऊन उतरली. गेटपाशी टेम्पोला दोरीने बांधलेली एक जीप उभी होती. तिला छप्पर नव्हतं, दारं नव्हती, पुढच्या एका दिव्याच्या जागी नुसतं भोक होतं आणि मागे विटांचा लाल चुरा साचून त्यात गवत उगवलं होतं. वाडा तालुक्यातल्या कुठल्याशा वीटभट्टीवर तिने आयुष्य काढलं होतं आणि आता तिला सुखाने मरू द्यावं, असं कोणालाही वाटलं असतं. दिपेश मात्र तिच्या बॉनेटवर हात ठेवून उभा होता. स्वरा झाली तेव्हा नर्सने तिला त्याच्या हातात दिलं होतं. तेव्हासुद्धा त्याचा चेहरा इतका मऊ झाल्याचं हेमांगीला आठवत नव्हतं.

चिखलाची रेस असते, त्याने सांगितलं. सप्टेंबरात, सफाळ्याच्या पुढे, मुद्दाम खणलेल्या चिखलातून जीप काढायची. एका जीपमध्ये दोन माणसं. तो चालवणार आणि त्याच्या प्लांटवरचा धीरज शेजारी बसणार. फक्त जीप आहे तशी चालत नाही. टायर मोठे लागतात, बॉडी वर उचलावी लागते, इंजिन दुसरं बसवावं लागतं. मग जुनं काय राहतं, असं हेमांगीने विचारलं. दिपेशने थोडा विचार करून सांगितलं, की हॉर्न चांगला आहे.

हेमांगीच्या डोक्यात त्या दिवसांत एकच गोष्ट होती, आणि ती जीप नव्हती. स्वरा होईपर्यंत ती तारापूरच्या एका कारखान्यात लॅबमध्ये केमिस्ट होती. तिथल्या भावना मॅडम तिला धरून होत्या. ऑक्टोबर लागेपर्यंत तुझी जागा मी राखून ठेवते, त्यापुढे वरचे लोक माझं ऐकणार नाहीत, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं होतं. जागा म्हणजे काय, तर एक फिरतं स्टूल, ज्याचं एक चाक अडायचं. पण दुपारी स्वराला थोपटताना हेमांगीला ते स्टूल दिसायचं. चंचुपात्रात थेंब थेंब सोडत राहायचं आणि एका थेंबाला सगळा रंग पालटायचा, तो क्षण दिसायचा. दारात कोणीतरी येऊन रिझल्ट काय म्हणून विचारायचं आणि तिच्याकडे उत्तर असायचं. घरात तिला दिवसभर प्रश्न विचारले जात, पण ते मोजे कुठे आहेत ह्या जातीचे असत.

अडचण स्वराची होती. पाळणाघराचा प्रयोग होऊन गेला होता. तिथे स्वराने तोंड मिटून घेतलं ते पाण्यालासुद्धा उघडलं नाही. हेमांगीची आई सफाळ्याला भावाची जुळी सांभाळत होती आणि त्यातच तिची कंबर गेली होती. राहिल्या दिपेशच्या आई, गोदूबाई. त्या पालघरजवळच्या माहीमला, समुद्राकाठी, वाडीत एकट्या राहायच्या. नारळ, केळी, पानवेल, मागच्या दारी गाय. त्यांनी कबूल केलं होतं, की पाऊस सुरू झाला, वाडीला पाणी द्यायचं काम संपलं, की मी बोईसरला येऊन राहते, पोरीला बघते, तू जा कामाला. हेमांगीने त्यांच्यासाठी पलंगसुद्धा बघून ठेवला होता.

तर अशा वेळी जीप आली.

सोसायटीतल्या पुरुषांनी पहिला आठवडा तिच्याभोवती उभं राहून काढला. ज्यांनी स्वतःच्या स्कूटरचा प्लग कधी पाहिला नव्हता, ते गिअरबॉक्सविषयी बोलू लागले. ए विंगच्या एका गृहस्थांनी डिझेलमध्ये थोडं रॉकेल टाकायला सांगितलं, तर बी विंगच्या गृहस्थांनी जीप विकून त्यात बायकोला सोन्याची चेन करायला सांगितलं. हा दुसरा सल्ला हेमांगीने लक्षात ठेवला. मग एका सकाळी जीपखालच्या काळ्या तेलाचा ओघळ पार्किंग ओलांडून गणपतीच्या मांडवासाठी राखलेल्या जागेपर्यंत गेला आणि पुंडलिककाकांनी मीटिंग बोलावली. मीटिंगमध्ये असं ठरलं, की जी चालते ती गाडी, जी चालत नाही ती वस्तू, आणि वस्तू ठेवायला सोसायटीत जागा नाही. दिपेशला फार लागलं. तो रात्रपाळी करून आला होता, तसाच उपाशी झोपला. त्याला कोणी नालायक म्हटलं असतं तर चाललं असतं. जीपला वस्तू म्हटलं हे चाललं नाही.

अशा रीतीने जीप माहीमला, गोदूबाईंच्या वाडीत गेली.

हेमांगीला वाटलं, सुटलो. तीच तिची मोठी चूक झाली. आता दिपेश सुटीचा दिवस आला की माहीमला पळू लागला. बरोबर धीरज. धीरजला जीपची सगळी माहिती होती आणि ती त्याने मोबाईलवर पाहून मिळवली होती. आता हे खोलू, असं तो म्हणायचा आणि दिपेश ते खोलायचा. जोडताना काय करायचं तो भाग बहुधा पुढच्या व्हिडिओत असायचा. ह्या दोघांच्या मागे प्लांटवरचे आणखी कोणी कोणी येत. दुपारी गोदूबाई सगळ्यांना जेवायला वाढत. तांदळाच्या भाकरी, बोंबलाचं कालवण, केळफुलाची भाजी. तेलकट हातांच्या पंगती उठू लागल्या.

पाऊस लागला तसा हेमांगीने विषय काढला. आईंसमोर ती दिपेशला अहो म्हणायची, एरवी अरे. त्या दिवशी ती कोणालाच काही न म्हणता सरळ गोदूबाईंना म्हणाली, की आई, कधी येता?

"येनार ना," गोदूबाई भाकरी थापता थापता म्हणाल्या. "पन आता ही पोरं येतात, त्यांना जेवायला कोन घालील? एकदा रेस झाली की मी मोकळी. मंग तू म्हनशील तवा."

हेमांगीने दिपेशकडे पाहिलं. दिपेश म्हणाला, बरोबर आहे, एकदा रेस झाली की मीच आईला घेऊन येतो.

त्या दिवसापासून त्या घरात जीपच्या मागे सगळ्यांत जास्त कोण लागलं असेल, तर ती हेमांगी. तिला जीपचा मनापासून राग होता आणि म्हणूनच ती वेळेवर तयार व्हायला हवी होती. दिपेश आणि धीरज रंग कुठला द्यायचा ह्यावर दोन रविवार बोलत बसले, तेव्हा तिने रंगाचा डबा आणून पुढ्यात ठेवला. टायर वसईहून यायचे होते ते येईनात, तेव्हा दुकानदाराला रोज फोन करायचं काम तिने घेतलं. स्वरा मांडीवर रडत असताना ती फोन करायची, त्यामुळे दुकानदाराला बाई फार मोठ्या संकटात आहे असं वाटलं आणि टायर आले. सालवडच्या रामाला, म्हणजे वेल्डिंगवाल्याला, तिनेच शोधून काढलं. लहानपणी वडिलांच्या केळ्यांच्या टेम्पोखाली दिवा धरून बसायची तिला सवय होती. कुठला नट कुठे जातो हे तिला दिपेशच्या आधी कळू लागलं. धीरज तिला शाब्बास वहिनी म्हणायचा. ते तिला मुळीच आवडत नव्हतं.

ऑगस्टमध्ये जीप स्वतःच्या इंजिनावर सुरू झाली आणि माहीमहून सालवडला निघाली ती पालघरच्या नाक्यावर अडली. हवालदाराने तिच्याभोवती एक फेरी मारली. गाडीला छत नाही, दारं नाहीत, टायर बाहेर आलेले, मागची सीट काढून तिथे नळ्यांचा पिंजरा केलेला. त्याने दिपेशला विचारलं, की ह्या गाडीत बदल काय काय केलाय? दिपेश प्रामाणिक माणूस. तो सांगू लागला आणि थांबेचना. हेमांगीने मागून त्याचा शर्ट ओढून पाहिला, पण तो क्लचपर्यंत पोहोचला होता. मग आरटीओत जाणं आलं. तिथल्या साहेबांनी शांतपणे समजावलं, की कागदावर आहे ती जीप वेगळी आणि ही वेगळी. ही रस्त्यावर आणायची नाही. शर्यतीला न्यायची तर टेम्पोवर घालून न्या.

म्हणजे डोंगर चढणारी, नदी ओलांडणारी, कुठेही जाऊ शकणारी अशी ती जीप फक्त रस्त्यावरून जाऊ शकत नव्हती. ह्यापुढे ती जिथे जाईल तिथे टेम्पोवर बसून, नव्या नवरीसारखी जाऊ लागली.

सरावासाठी दिपेशने माहीमचा किनारा निवडला. हे हेमांगीला न विचारता ठरलं. धीरजने कुठेतरी पाहिलं होतं, की वाळूत टायरची हवा कमी करायची. त्याने ती इतकी कमी केली, की जीप वाळूत शिरली आणि बसली. पावसाने उघडीप दिली म्हणून वाळवणावर बोंबील टाकून बसलेल्या नवसी कोळणीच्या बांबूंच्या मांडवात तिचं नाक गेलं. भरती चढत होती. दिपेशने विंच लावायचं ठरवलं. विंच म्हणजे जीपच्या नाकावर बसवलेलं पोलादी दोराचं रीळ. दोराचा हुक पुढे झाडाला अडकवायचा आणि मोटर चालू केली की जीप दोर गिळत स्वतःलाच ओढून काढते. पण किनाऱ्यावर झाड नव्हतं. शेवटी होडीवरच्या माणसांनी जीपला होडी ओढायचा दोर बांधला आणि होडीसारखीच, तालावर ओरडत, वर काढली. नवसीने सगळं होऊ दिलं. मग कमरेवर हात ठेवून ती हेमांगीसमोर उभी राहिली.

"तुजा नवरा शिकल्याला हाय ना गो? मंग बोंबलाच्या अंगावर गाडी घालतो त्यो?"

हेमांगीने माफी मागितली आणि बसून तिच्याबरोबर वाळूतले बोंबील वेचले. दिपेश आणि धीरज दूर उभे राहून हवा नेमकी किती हवी होती ह्यावर बोलत होते. स्वरा मात्र खूश होती. तिने एक बोंबील दिवसभर हातात धरून ठेवला.

सगळ्यात मोठा घोटाळा शेवटी झाला. रेस रविवारी, आणि आदल्या दिवशी विश्वकर्मा पूजा. बोईसर-तारापुरात राहणाऱ्याला हा दिवस सांगावा लागत नाही. बिहार-यूपीकडच्या कामगारांची वर्कशॉपं त्या दिवशी बंद. सगळी हत्यारं धुऊन पुसून, शेंदूर लावून, फुलं वाहून मांडायची आणि दुसऱ्या सकाळपर्यंत त्यांना हात लावायचा नाही. सालवडला रामाच्या शेडमध्ये मोठी पूजा असायची. जीप तिथेच होती, कारण विंचची नवी, भक्कम चौकट त्याने शुक्रवारी जोडली होती. चौकटीचे बोल्ट नुसते हाताने फिरवून ठेवलेले होते. सकाळी आवळून टाकू, असं ठरलं होतं.

आता ह्यात वाईट व्हायचं काही कारण नव्हतं. रामाची हत्यारं पूजेत, तर दुसऱ्याची आणायची. पण दिपेश भारावलेला होता. जीपला सगळ्यांचा आशीर्वाद मिळाला पाहिजे, असं त्याच्या मनाने घेतलं, आणि तो स्वतःची पेटी, धीरजची पेटी, वॉचमनची पक्कड, प्लंबरचे पाने आणि पुंडलिककाकांचा त्यांनी आजवर कोणालाही हात लावू न दिलेला पान्यांचा सेट, असं सगळं गोळा करून भल्या सकाळी रामाच्या शेडमध्ये ठेवून आला. हेमांगी दुपारी पोचली तेव्हा आरती झाली होती. प्रसादाची बुंदी वाटणं चालू होतं. मधोमध जीप, गळ्यात झेंडूचा हार, आणि तिच्यासमोर चादरीवर परिसरातला झाडून सगळा पाना, हातोडा, स्क्रू ड्रायव्हर शेंदूर लावून झोपलेला.

तिने रामाला बोल्ट दाखवले. रामाने हात जोडले.

"भाभीजी, साल में एक दिन औज़ार आराम करता है. आज नहीं छुएँगे."

उद्या सकाळी रेस आहे, असं तिने सांगितलं. रामाने मान डोलावली. त्यालाही वाईट वाटत होतं. दिपेशकडे वळावं तर दिपेश पूजेला बसलेला, कपाळावर टिळा, हातात धागा; आपण शब्द दिलाय म्हणाला. मग जीप तरी हलवता येईल का, असं हेमांगीने विचारलं, कारण तीही हार घालून बसली होती. ह्यावर शेडमध्ये बरीच चर्चा झाली. ठरलं असं, की जीपला टेम्पोवर चढवलं तर काम टेम्पो करतो, जीप आरामच करते. तेव्हा ढकलून चढवायला हरकत नाही. सगळ्यांनी ढकलली. धीरजने बाजूला उभं राहून दिशा दाखवली.

माहीमला पोचल्यावर उन्हं उतरता उतरता हेमांगी वाडीतल्या पाण्याच्या पंपाचा पाना घेऊन जीपच्या नाकाखाली शिरली. तो पाना पूजेत नव्हता, आणि तिने कोणाला शब्द दिला नव्हता. पाना बोल्टला मोठा होत होता, म्हणून मध्ये पत्र्याचा तुकडा घालून तिने एकेक बोल्ट आवळला. तेल चेहऱ्यावर गळलं. स्वरा बाजूला बसून, आई काय करतेस, आई काय करतेस, असं विचारत राहिली. आईला कामावर जायचंय, असं हेमांगी खालून म्हणाली.

रविवारी सकाळी सफाळ्याच्या पुढच्या त्या माळावर एवढ्या जीपा होत्या आणि एकाही जीपला दार नव्हतं. जेसीबी लावून लांबलचक खड्डे खणले होते आणि त्यांत पंपाने पाणी सोडलं होतं. आजूबाजूच्या पाड्यांवरची माणसं पोराबाळांसकट बांधावर बसली होती. भाताची लावणी करताना ती ह्याच चिखलात दिवसच्या दिवस वाकून असायची. तिथे लोक हौसेने येऊन कसे अडकतात, हे बघण्यासारखंच होतं. गोदूबाई जेवणाचे डबे आणि स्वराला घेऊन आल्या होत्या. पुंडलिककाका पान्यांच्या सेटच्या काळजीने आले होते.

धीरजने पहिला खड्डा जवळून पाहिला आणि त्याचा गुडघा दुखू लागला. जुनं दुखणं आहे, असं तो म्हणाला. शेजारी बसणाऱ्याला उतरून, चिखलातून दोर घेऊन पळावं लागतं; हे त्याने व्हिडिओत अनेकदा पाहिलं होतं, पण व्हिडिओत गुडघा त्याचा नव्हता. दिपेशचं तोंड उतरलं. तो काही बोलायच्या आत हेमांगीने ओढणी कमरेला आवळली. आज रेस झाली नाही तर ती पुढच्या पावसाळ्यात होईल, एवढं एकच तिला दिसत होतं.

आणि खरं सांगायचं तर ती रेस हेमांगी पळाली. जीप अडली की ती उतरायची, हुक घेऊन कंबरभर चिखलात शिरायची, चपला केव्हाच गेल्या होत्या, झाडाच्या बुंध्याला पट्टा टाकायची, हात वर करायची आणि जीप गुरगुरत बाहेर यायची. दुसऱ्या खड्ड्यानंतर लाऊडस्पीकरवरचा माणूस तिला वहिनी म्हणू लागला. तिसऱ्यानंतर पाड्यावरच्या बायका तिच्यासाठी ओरडू लागल्या. आपला श्वास इतका मोठ्याने वाजतोय, हात इतके बिनचूक चालतायत, हे तिला किती दिवसांनी जाणवत होतं. शेवटचा खड्डा उरला तेव्हा त्यांच्या पुढे फक्त दोनच जीपा होत्या.

त्या खड्ड्यात जीप बसली. हेमांगी हुक घेऊन उतरली आणि नेमक्या त्याच वेळी स्पीकरवरचा माणूस सांगू लागला, की पहिल्या तीन जीपा जानेवारीत राजस्थानच्या वाळूत होणाऱ्या अंतिम फेरीला जाणार.

ती वळली. दिपेशचा चष्मा, चेहरा, केस, सगळं चिखलाने माखलं होतं. दात तेवढे दिसत होते.

"तुला हे माहीत होतं?" तिने विचारलं.

"सांगणारच होतो गं. आधी पोचू तर दे." तो हसत होता. "वाळूला टायर वेगळे लागतात. इंजिन परत उतरवावं लागेल. दिवाळीपासूनच कामाला लागायला हवं."

ती पुढे चालू लागली. समोर बांधावर ऐनाचं एक जुनं झाड होतं. आधीच्या जीपांनी त्यालाच दोर लावला होता. पट्ट्याने साल घासून गुळगुळीत झाली होती. त्याच्या अलीकडे, हाताशी, शेवगा होता. चांगला जाड, हिरवा, शेंगांनी लगडलेला. शेवग्याच्या शेंगा हाताला लागल्या नाहीत तर काठीला आकडी बांधून काढतात, पण त्यावर पोराला चढवत नाहीत. दिसायला झाड, आतून काकडी. हे ह्या बाजूच्या वाड्यांमधली पोरं चालायला लागायच्या सुमारास शिकतात. हेमांगी दोन्ही झाडांच्या मध्ये उभी राहिली. मागे इंजिन घोंघावत होतं, बायका ओरडत होत्या. तिने वाकून पट्टा शेवग्याला टाकला, हुक अडकवला, ओढून नीट बसल्याची खात्री केली आणि हात वर केला.

दोर ताठ झाला. जीप जागची हलली, वर आली, पुढची चाकं काठाला लागली. मग कडकड असा आवाज न होता नुसता मच्च असा आवाज झाला, शेवगा बुंध्यापासून मोडून शेंगांसकट चिखलात आला, आणि जीप सावकाश, एखादी म्हैस बसावी तशी, मागे घसरून कुशीवर झाली. दिपेश सीटच्या पट्ट्यात लटकत होता. त्याला काही लागलं नव्हतं. बाकीच्या जीपा बाजूने निघून गेल्या.

ट्रॅक्टरने ओढून काढेपर्यंत भोवती गर्दी जमली. आता सल्ल्यांना तोटा नव्हता. धीरज गुडघा विसरून पळत आला आणि झाड कसं निवडायचं असतं ते सांगू लागला. पुंडलिककाका म्हणाले, की बाईमाणसाला अशा कामाला लावायचंच नसतं. दिपेश चिखलात उभा होता. त्याने चष्मा काढला, डोळ्यांभोवती तेवढी दोन स्वच्छ वर्तुळं होती, आणि ती ओली होती.

"तिला कोणी काही बोलायचं नाही," तो म्हणाला. "झाडच कुजकं निघालं, ती काय करणार? ती नसती तर आम्ही पहिल्या खड्ड्यात बसलो असतो." आणि त्याने सगळ्यांदेखत तिचा चिखलाचा हात आपल्या चिखलाच्या हातात धरला. लग्नाच्या आल्बममध्ये असा एकही फोटो नव्हता. हेमांगीने मान खाली घातली, ती थकल्यामुळे, असं लोकांना वाटलं.

संध्याकाळी माहीमला, मागच्या दारी, न्हाणीच्या दगडावर हेमांगी बसली होती आणि गोदूबाई तिच्या केसांवर पाणी ओतत होत्या. चिखल केसांत सुकून त्याचा गोळा झाला होता. त्या एकेक बट मोकळी करत होत्या, काथ्याने पाठ घासत होत्या, लहान पोरीला घासावी तशी. स्वरा पुढच्या अंगणात बापाबरोबर होती. तिचं हसणं ऐकू येत होतं. ह्या माणसांना सोडून आपण कुठल्या स्टुलासाठी झुरतो, असं क्षणभर हेमांगीला वाटलं, आणि मग रेस झाली, हे तिच्या लक्षात आलं. जिंकली नाही, संपली. तिने मान न वळवता म्हटलं, की आई, मग उद्याच निघायचं ना आपण?

गोदूबाईंचा हात थांबला नाही. त्यांनी आणखी एक तांब्या ओतला.

"शेवग्याला कोन दोर बांदतो गो?" त्या हळूच म्हणाल्या. "तू सफाल्याची ना? वाडीतलीच ना तू?"

पाणी गळत राहिलं.

"मी बांदावर व्हते. तू दोनी झाडं बगितलीस. मंग बांदलास." गोदूबाईंनी साबण घेतला. आवाजात राग नव्हता. "मी नाय सांगनार त्याला. मेल्यावर पन नाय. पन तू पन मला बोयसरला चला बोलू नको. त्या चौथ्या माल्यावर मी काय करू? खिडकी उघडली की त्यो कारखान्याचा वास. हितं माजी गाय हाय, पानवेल हाय. मला नाय म्हनायला लाज वाटली व्हती तवा. जीप आली, बरं झालं. पोरगा पन यायला लागला दर सुटीला."

पुढून दिपेशचा आवाज आला. पुढच्या वर्षी दोन विंच लावू, तो कोणाला तरी फोनवर सांगत होता, आणि शेजारी हेमांगीच बसेल, धीरज नको.

"पोरीला ठेव पायजे तर माज्याकडं," गोदूबाई म्हणाल्या. "हितं खाईल, पिईल, गायीमागं पलेल. तू जा कामाला. रविवारी येऊन बगून जा, त्यो जीप बगायला येतो ना, तशी."

स्वराने पुढून आईला हाक मारली. पुन्हा मारली. हेमांगीने उठायचा प्रयत्न केला, पण गोदूबाईंनी तिच्या खांद्यावर हात दाबून तिला खाली बसवलं आणि तिच्या डोक्यावर फेस केला.

"डोले मीट," त्या म्हणाल्या. "साबन जाईल."

हेमांगीने डोळे मिटले.